गुरुजींची पिवळी गाडी आणि दीड सूत

ज्या गुरुजींनी सातवीत पट्टीनं माझे हात लाल केले, त्यांना एक दिवस काखेत धरून गाडीतून ओढून काढायची पाळी माझ्यावर येईल, असं कुणी मला आधी सांगितलं असतं, तर मी त्याला येड्यात काढलं असतं. पण आली. गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला, भर हायवेवर आली.

नळदुर्गला हायवेच्या कडेला माझं गॅरेज आहे. ट्रॅक्टर, टेम्पो, ट्रक, कधी उसाची ट्रॉली, असा माझा सगळा अवजड संसार. त्या दिवशी एक ओळखीचा ट्रॅक्टरवाला दोरानं बांधून काहीतरी पिवळंधमक ओढत आला. गाडी इतकी बुटकी, की मला वाटलं चारी चाकं पंक्चर आहेत. दोनच दारं, मागं पंखासारखी आडवी पट्टी, आणि काचेच्या आत एक पांढरी टोपी. टोपीखाली चष्मा, चष्म्याखाली मुरुमच्या शाळेतले माझे गणिताचे गुरुजी. रिटायर होऊन दहा वर्षं झालेली, गुडघे छातीला लागलेले.

"गुरुजी, तुमी?"

"आधी बाहेर काढ, मग आश्चर्य कर."

त्यांना बाहेर काढणं हेच एक काम होतं. पाय आधी काढले तर डोकं अडकायचं, डोकं आधी काढलं तर टोपी पडायची. शेवटी ट्रॅक्टरवाल्यानं पाय धरले, मी खांदे धरले आणि आम्ही गुरुजींना आडवेच्या आडवे बाहेर घेतले. उभं राहिल्यावर त्यांनी आधी टोपी नीट केली, मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "कुणाला बोलायचं नाही. घरी तुझ्या काकूला सांगितलंय, मी पेन्शनरांच्या मीटिंगला गेलोय."

मला इतकं हसू आलं की मी पाना शोधायच्या निमित्तानं आत पळालो.

गाडी त्यांची नव्हती, पोराची होती. त्यांचा एकुलता एक मुलगा इंजिनिअर. त्यानं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन-चार वर्षं खपून ही गाडी बनवलेली. बॉडी एका गाडीची, इंजिन दुसरीचं, गिअरबॉक्स तिसरीचा. मग तो परदेशात नोकरीला गेला, त्याला चार वर्षं झाली. मागं राहिली गाडी, आणि चावी देवघरात. बॅटरी मरू नये म्हणून गुरुजी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं इंजिन चालू करायचे. पुढं ते शेडपासून फाटकापर्यंत आणू लागले. मग फाटकापासून चौकापर्यंत. आणि वर्षभरात आमचे हे सत्तरीला टेकलेले गुरुजी दर गुरुवारी नळदुर्गच्या ढाब्यावर येऊन घरी मनाई असलेली कांदाभजी खाऊन परत जाऊ लागले.

"आज चढावर नुसतं इंजिनच ओरडायला लागलं," गुरुजी म्हणाले. "गाडी जागची हलंना. काहीतरी जळाल्याचा वास आला."

"क्लच गेला असंल. होतंय की. चार-आठ दिवसांत करून देतो."

"चार-आठ दिवस न्हाईत. रविवारी तो येतोय."

मी म्हणलं, येऊ द्या की, तो स्वतः इंजिनिअर हाय, तोच बघंल. तर गुरुजी एका जुन्या टायरवर बसले.  

मग म्हणाले, "त्यानं गाडी पहिल्यांदा बाहेर काढली ना, तेव्हा सगळी गल्ली जमली होती. मी चार माणसांत म्हणालो, तुझं हे भंगार चार मैल चालणार न्हाय. त्यानंतर आमचं बोलणं म्हणजे, जेवलास का, हो, तब्येत, बरी. फोनवर पण तेवढंच. आता चार वर्षांनी घरी येतोय. आल्या आल्या त्याला गाडी बंद दिसली, तर त्याला काय वाटंल? बापाचं खरं झालं. मी जिंकलो असं वाटंल." त्यांनी चष्मा काढला. "मला जिंकायचं न्हाय रे."

बास. मी दारात दुरुस्तीला आलेला ट्रॅक्टर बाजूला लावला. त्याचा मालक अणदूरचा, तोंडाचा लई फाटका, त्यानं माझा उद्धार केला. करू दे म्हणलं.

दुपारपर्यंत गिअरबॉक्स खाली घेतला आणि आत बघून मी कपाळाला हात लावला. क्लचची प्लेट झिजून खलास, मधल्या दातांचा भुगा. प्लेट म्हणजे भाकरीएवढी गोल चकती. बाहेरच्या कडेनं ती इंजिनाला दाबून बसते आणि मधल्या दातांनी गिअरबॉक्सच्या दांड्याला धरते. नवी मिळाली तर प्रश्नच नव्हता. पण इंजिन एका कंपनीचं आणि गिअरबॉक्स दुसऱ्याच कंपनीचा, म्हणजे नवरा एका गावचा, बायको दुसऱ्या गावची, आणि ह्यांचं जमवून देणाऱ्या पोरानं कागदावर काहीही लिहून ठेवलेलं नाही!

"पोराला फोन करून विचारू का?" मी म्हणलं.

"खबरदार!" गुरुजी ओरडले. सातवी क, तिसरा बाक, मी आपोआप ताठ उभा राहिलो.

शुक्रवारी मी सोलापूरला जाऊन जुन्या पार्टांची दुकानं पालथी घातली. गळ्यात जुनी प्लेट अडकवून ह्या दुकानातून त्या दुकानात. सगळे मला हसून बेजार. संध्याकाळी परत आलो ते दोन प्लेटा आणि प्लेटेला दाबून धरणारी एक प्रेशर प्लेट घेऊन. एक प्लेट इंजिनाला झकास बसली, पण मधले दात दांड्यावर जाईनात. दुसरीचे दात दांड्यावर लोण्यासारखे गेले, पण घेर लहान. गुरुजी येष्टीनं सकाळीच आले होते, ह्या खेपेला मीटिंग "तातडीची" होती. दोन्ही प्लेटा हातात घेऊन ते सारखे मांडी बदलत होते.

"ही बाहेरून बसते, आतून न्हाय," ते म्हणाले. "ती आतून बसते, बाहेरून न्हाय. ह्याला उत्तर असलं पाहिजे."

"हाय की उत्तर. गुरुजी, आपला खंडोबा कुठला?"

"अणदूरचा."

"आन् नळदुर्गचा?"

"तोच." गुरुजी थांबले. आमच्याकडं देव एकच, काही महिने तो अणदूरच्या देवळात राहतो आणि काही महिने नळदुर्गच्या. पालखीतनं जातो, पालखीतनं येतो, दोन्ही गावांना आपलाच वाटतो. "म्हणजे तू काय करणार आहेस?"

"दोन गावांचा एक देव, तशी दोन प्लेटांची एक प्लेट करणार."

मी लहान प्लेटचा मधला भाग दातांसकट कापून काढला, मोठ्या प्लेटच्या पोटातली जागा लेथवर मोठी केली आणि तो भाग तिच्यात बसवून गोल रिव्हेटा ठोकल्या. एकीची कंबर, दुसरीचा घेर. फिरवून बघितली तर केसाएवढी पण लचकत नव्हती. आणि मग काय सांगू, आम्ही दोघं नाचलो! खरंच नाचलो. मी हातातला हातोडा वर करून आणि गुरुजी धोतराचा सोगा धरून. समोरच्या ढाब्यावरचे ट्रकवाले उठून बघायला लागले.

आता एकच अडचण उरली होती, आणि ती बारकी होती. माझी प्लेट जुन्या प्लेटेपेक्षा जाड झालेली, प्रेशर प्लेटही वेगळी, त्यामुळं क्लच दाबायचं बेअरिंग आत पोचत नव्हतं. पेडल दाबलं तरी बेअरिंगची थाप हवेत. म्हणजे बेअरिंगच्या मागं एक कडं बसवायचं, अगदी हव्या तेवढ्या जाडीचं. कमी झालं तर क्लच सुटणार नाही. जास्त झालं तर क्लच धरणार नाही. किती जाड, ते आतली खोली मोजल्यावर कळणार.

मी आमच्या पद्धतीनं सुतात मोजायला निघालो. एका इंचात आठ सूत, माझ्या वस्तादानं शिकवलेलं, सगळ्या गॅरेजात तेच चालतं. गुरुजी म्हणाले, "सूत बीत काही नाही. मिलिमीटर. सरक बाजूला."

आणि त्यांनी शबनम पिशवीतून ती काढली. तीच लाकडी फूटपट्टी. कडा झिजलेल्या, आकडे पुसट. माझे तळहात आपोआप मुठीत गेले.

गुरुजी गाडीखाली झोपले. पट्टीचं टोक आत टेकवलं, चष्मा वर केला, आकडा वाचला आणि मला सांगितला. आणि म्या बघितलं. देवाशपथ बघितलं. त्या पट्टीवर शून्य अगदी टोकाला नव्हतं. शून्याच्या आधी कोरं लाकूड होतं, दीड सुताएवढं. टोक आत टेकवून मोजलं, तर ते कोरं लाकूड आकड्यात धरायला पाहिजे. "मोजमाप शून्यापासून, कडेपासून न्हाय!" हे वाक्य म्हणत म्हणत ज्यांनी आख्खा वर्ग झोडपला, त्यांनी कडेपासून मोजलं होतं.

बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. गुरुजींना कसं सांगायचं, तुमचं चुकलं? त्यांनी मनातल्या मनात मिळवलं असंल, अशी मी माझी समजूत घातली. खणात बारीक मापं घ्यायचा चांगला व्हर्निअर पडलेला होता, तोही काढला नाही. त्यांच्यासमोर व्हर्निअर काढणं म्हणजे त्यांची वही तपासणं झालं असतं. मी गपगुमान त्यांनी सांगितल्या मापाचं कडं लेथवर कातलं. शनिवारी दिवसभर घाम गाळून गिअरबॉक्स वर चढवला, सगळे बोल्ट आवळले, गुरुजींना चालकाच्या जागेवर ओतलं आणि म्हणलं, दाबा क्लच, टाका पहिला.

कर्रर्र! दात कडाकडा वाजले. गिअर पडंना. क्लच सुटत नव्हता. परत दाबला, परत कर्रर्र. गुरुजींचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला. "उद्या रविवार," एवढंच म्हणाले.

आणि मला माझा असा राग आला म्हणून सांगू! एवढा मोठा झालो, चार माणसांत मिस्तरी म्हणून मिरवतो, आणि एका पट्टीला भिऊन गप्प बसलो.

"गुरुजी," मी म्हणलं, "पट्टी दावा जरा."

त्यांनी दिली. मी शून्याच्या आधीच्या कोऱ्या लाकडावर बोट ठेवलं. दुसरं काही बोललो नाही. गुरुजींनी पट्टी डोळ्याजवळ नेली, लांब नेली, परत जवळ नेली. मग सावकाश पट्टी माझ्या हातात दिली आणि आपला उजवा तळहात माझ्यापुढं धरला.

"मार."

"गुरुजी! काहीबी काय!"

"नियम म्हणजे नियम. तीस-बत्तीस वर्षं पोरांना ह्याच चुकीसाठी मारलंय. मार."

हात पुढंच. मागं घेत नाहीत. मला हसू पण येईना आणि रडू पण येईना. तेवढ्यात ढाब्यावरून चहा आला, तो गरम ग्लास मी त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी एक घोट घेतला आणि एकदम नजर वर केली.

"तू बघितलं होतंस का, मी मोजताना?"

"व्हय."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुमी गुरुजी, म्या काय बोलणार?"

"आरं गाढवा! तुझ्या गप्प बसण्यानं गिअर पडतोय का?" ग्लास खाली ठेवून त्यांनी पट्टी उचलली. "हात पुढं कर."

चाळीस वर्षांचा बाप्या, दोन लेकरांचा बाप, मी हात पुढं केला. सटकन एक बसली. "ही चुकीची न्हाय," ते म्हणाले, "गप्प बसण्याची." समोर ढाब्यावर हशा पिकला आणि खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं.

मग मी व्हर्निअर काढला. कमी पडलं होतं ते बरोबर दीड सूत, पट्टीच्या कोऱ्या कडेएवढंच. गुरुजींनी मिलिमीटरमध्ये सांगितलं, मी सुतात सांगितलं, दोघांचं उत्तर एक आलं तेव्हा नवं कडं कातलं. रविवारी उजाडायला काम धरलं. गिअरबॉक्स परत खाली, परत वर. अकराच्या आत पेडल दाबलं, गिअर टाकला, आणि कानाला कळलंसुद्धा नाही. पिवळी गाडी जागेवरून सरकली. गुरुजींनी हॉर्न दाबला तो सोडीचनात.

"तू पण चल," म्हणाले. "वाटेत काही झालं तर?" काही होणार नव्हतं, पण मी बसलो. असल्या गाडीत मी तरी कधी बसणार?

काय सांगू ती सवारी! बाजूनं ट्रक गेला की त्याची चाकं आमच्या डोक्यावर. हायवेला गुरुजी सुसाट. टोपी त्यांनी मांडीखाली घातलेली आणि तोंडानं इंजिनाबरोबर "व्व्वूऽऽ" करत होते. हायवे सोडून मुरुमच्या रस्त्याला लागलो तर गतिरोधक! पोट घासणार. "सरळ नाही घ्यायचा," गुरुजी म्हणाले, "तिरका. पंचेचाळीस अंशात!" आणि प्रत्येक गतिरोधकाला आम्ही पंचेचाळीस अंशात, मागची मोटारसायकलवाली मंडळी शिव्या देतायत, गुरुजी त्यांना काचेतून हात जोडतायत. मी हसून हसून दाराला लटकलो होतो.

मुलगा संध्याकाळी पोचणार होता. तोवर गाडी शेडमध्ये जायची, वरनं ताडपत्री पडायची आणि गुरुजी घरात पेपर वाचत बसलेले सापडायचे, असा सगळा बेत. आम्ही गल्लीत वळलो. फाटकापाशी एक रिक्षा उभी होती आणि तिच्यातून दोन मोठ्या बॅगा उतरत होत्या.

"आला," गुरुजी म्हणाले, आणि त्यांचा पाय क्लचवरून सुटला. गाडीनं एक गचका दिला आणि बंद पडली. ऐन घरापुढं, पंधरा पावलांवर, त्याच्या डोळ्यांदेखत.

 मुलगा बॅग धरून उभा. गुरुजी स्टेअरिंग घट्ट धरून समोर बघतायत.  चार दिवस जे टाळायला मर मर केली, तेच झालं होतं.

मुलगा चालत आला. खिडकीत वाकला. गाडीकडं बघितलं, बापाकडं बघितलं, मांडीखालच्या टोपीकडं बघितलं.

"आप्पा," तो म्हणाला, "क्लच हळू सोडायचा."

गुरुजींनी मान हलवली. दाबला. चावी फिरवली. एका झटक्यात इंजिन लागलं. मग त्यांनी इतका हळू, इतका हळू क्लच सोडला की मी श्वास धरून बसलो, आणि गाडी पंधरा पावलं चालत फाटकापर्यंत गेली. शेजारून मुलगाही चालत आला, एक हात टपावर ठेवून.

बाहेर काढताना त्यानं एक खांदा धरला, मी दुसरा. गुरुजी उभे राहिले. टोपी घालायचं विसरले.

"चार मैल चालणार न्हाय म्हणलं होतं मी," गुरुजी म्हणाले. शेजारीपाजारी दारात आले होते, त्यांच्यादेखत मोठ्यानं म्हणाले. "माझं चुकलं. दर गुरुवारी नळदुर्गला जाऊन येते ती."

"दर गुरुवारी?" काकू पदराला हात पुसत बाहेर आलेल्या. "आन् मग ती पेन्शनरांची मीटिंग?"

 मुलगा तोंड फिरवून बाहीनं बॉनेटवरची धूळ पुसत होता. एकाच जागी, सारखी. मग नाक ओढून तो डाव्या बाजूला गेला, दार उघडलं आणि आत बसला. चालकाची जागा रिकामीच ठेवली.

"बसा, आप्पा," तो आतून म्हणाला. "चार मैल जाऊन येऊ."

मी गुरुजींना परत आत ओतलं. ह्या खेपेला गचका बसला नाही. पिवळी गाडी गल्लीच्या टोकाला वळली आणि थोडा वेळ नुसता आवाज येत राहिला, तोही मग ऐकू येईना.

रिक्षा गेली. बॅगा मी आणि काकूंनी आत घेतल्या. काकूंनी चहा दिला, पोहे दिले, आणि फाटकाकडं बघत पायरीवर बसल्या. चार वर्षांनी आलेला पोरगा अजून घरात पाऊल टाकायचा होता. माझी नळदुर्गची येष्टी गेली, पण मला उठवंना.

तास उलटून गेला तेव्हा काकूंनी विचारलं, "काय रे, चार मैलाला इतका वेळ लागतो व्हय?"

"लागू द्या, काकू," मी म्हणलं, आणि आणखी अर्धा कप चहा मागितला.